चिंगम खरवडणारी

माझ्या भावाचा जीव चिंगमपायी टांगणीला लागला होता, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसा बापडे. सर्जरी वॉर्डच्या बाहेरच्या त्या लोखंडी बाकावर ज्याने बसून बघितलंय त्याने हसावं, बाकीच्यांनी आधी ऐकून घ्यावं. आणि ऐकायचं तर वहिनीपासून ऐकावं लागेल, कारण सगळा घोळ तिने घातला. माझा सख्खा भाऊ, आणि तिने त्याच्या औषधाची पुडी आपल्या पिशवीत लपवून ठेवली. आता सांगा, हसू येतंय का?

वहिनी सिनेमा थिएटरमध्ये सफाईला आहे. झाडायला-पुसायला तिथे दुसऱ्या बायका आहेत. हिचं काम एकच, चिंगम काढणं. खेळ संपून लोक बाहेर पडले की ही बॅटरी घेऊन रांगांमध्ये शिरते, गुडघ्यांवर बसते आणि मान वाकडी करून एकेका खुर्चीखाली बघते. जाड प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे बांधलेले असतात. ती पिशवी चिंगमवर दाबून धरायची, चिंगम कडक झालं की पात्याची कड खाली सारायची आणि मनगटाला झटका द्यायचा. टक् करून निघतं. थिएटरने तिला या कामासाठी एक पत्र्याची पट्टी दिली होती. ती हिने पहिल्याच आठवड्यात मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवली, म्हणाली, "याने लोणीसुद्धा निघायचं नाही," आणि स्वयंपाकघरातलं उलथणं घेऊन गेली. तेव्हापासून तिथे सगळे तिला उलथणंबाई म्हणतात. त्याचा तिला राग नाही. तिला राग फक्त चिंगमचा.

आणि राग म्हणजे काय! बसमध्ये समोरची बाई जबडा हलवत बसली तर ही उठून मागे जाऊन उभी राहायची. "खायचं असेल तर खा, नसेल खायचं तर तोंडात घालू नका," म्हणायची. "हे मधलंच काय? ना पोटात जायचं, ना बाहेर राहायचं. नुसतं घोळवत बसायचं आणि मग माझ्या खुर्चीला लावायचं." जणू सगळं थिएटर तिच्या बापाचं. एका छोट्या मुलीच्या वेणीत मागच्या खुर्चीवरच्या कार्ट्याने चिंगम चिकटवलं होतं. आईने ओढून काढायला बघितलं आणि ते आणखीच गुंतलं. शेवटी अर्धी वेणी कापावी लागली. ते वहिनी अजून सांगते, आणि सांगताना स्वतःच्या केसांवरून हात फिरवते.

तिकीट खिडकीवरचा माणूस तिच्याशी मुद्दाम वाद घालायचा. त्याची सिगारेट चिंगममुळे सुटली होती, त्यामुळे तो चिंगमचा भक्त. "उलथणंबाई, किती फायदे आहेत बघा. तलफ मारतं. तोंडाचा वास जातो. दाढेत अडकलेलं निघतं. डोकं शांत राहतं." वहिनी म्हणायची, "फायदे तुमच्या तोंडात, तोटे माझ्या गुडघ्यात." पण तो भला माणूस होता. चघळून झालं की कागदात गुंडाळून तिच्या हातात आणून द्यायचा, आणि तीही ते घ्यायची. मलाही खरं सांगायचं तर चिंगम आवडतं. बसमध्ये मला मळमळतं, तेव्हा तोंडात असलं की बरं वाटतं. पण घरी यायच्या आधी मी ते थुंकून, तोंड पुसून, शहाण्या मुलीसारखी आत यायची. वहिनीला वासावरून कळायचंच. "वन्सं," म्हणायची, "बकरी झालात का आज?" मी तिच्याहून लहान, तरी मला चिडवायचं असलं की ती वन्सं म्हणते.

आता त्या पाईपची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. थिएटरच्या बाथरूममधलं बेसिन एकदा तुंबलं. पाणी उतरेचना. प्लंबरने खालचा वाकडा पाईप खोलला तर आतून मुठीएवढा गोळा निघाला. चिंगम, त्याला चिकटलेले केस, केसांना चिकटलेलं आणखी चिंगम. प्लंबर हातोडीने ठोकत होता तरी फुटेना. वहिनी शेजारी उभी राहून बघत होती. घरी येऊन तिने ते दादाला आणि मला हातवारे करून सांगितलं. एवढी मोठी बाई, पण सांगताना आवाज बारीक झाला होता. म्हणाली, "लोक थुंकतात ते इथे जातं. गिळतात त्यांचं काय होत असेल?" दादा जेवता जेवता थांबला. त्याने हातातला घास ताटात ठेवला. मी हसले, पण दादा हसला नाही.

दादा का हसला नाही? कारण चिंगमच्या बाबतीत वहिनीचा शब्द त्याच्यासाठी शेवटचा. त्यांचं लग्नच त्यापायी जमलं. दादाचं इस्त्रीचं दुकान आहे, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. तो तेव्हा तरुण, हाताला घाई. कुणाच्या तरी नव्या पॅंटला मागे थिएटरातलं चिंगम लागलं होतं. या शहाण्याने त्यावर गरम इस्त्री फिरवली. चिंगम वितळून कापडात असं मुरलं की पॅंट बाद, इस्त्री बाद, आणि गिऱ्हाईक दुकानात थयथयाट करतंय. दादा तणतणत ती पॅंट घेऊन थिएटरमध्ये भांडायला गेला. तिथे दारातच ही उलथणं घेऊन उभी. त्याने पॅंट पुढे केली आणि आवाज चढवला. हिने पॅंट उलटी केली, हुंगली, आणि म्हणाली, "इस्त्री फिरवलीत? चिंगमला ऊब दिली तर ते मिठी मारणारच. त्याला थंडी घालायची असते, शहाणे!" पॅंट काही वाचली नाही. पण दादा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. कधी एखादा शर्ट घेऊन जायचा, कधी रिकाम्या हाताने. मी त्याला विचारलं, "अरे, सगळ्या गावाच्या कपड्यांना चिंगम लागायला लागलं का?" तर लाजून इस्त्रीकडे बघत बसला.

लग्न झालं. मूल झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी कधी माझ्यापुढे काढलं नाही, एकमेकांपुढे काढलं असेल तर मला माहीत नाही. दादा बोलका, वहिनी मोजकं बोलणारी. त्याने दिवसभरातलं सगळं सांगायचं, तिने हूं करायचं. तो तिला विचारल्याशिवाय चपलासुद्धा बदलायचा नाही. मला त्याचा राग यायचा. बायकोच्या एवढं मुठीत असावं का माणसाने? पण तो मुठीत नव्हता. त्याला तिचं पटायचं, एवढंच होतं ते.

मग ते झालं. दादा दुकानात इस्त्री करता करता पोट धरून खाली बसला. आधी वाटलं पित्त असेल. मग त्याचा आवाज ऐकून समोरचा दुकानदार धावत आला. इस्पितळात नेलं तर डॉक्टर म्हणाले आतड्याला पीळ पडलाय, लगेच उघडायला हवं. वहिनी थिएटरमधून तशीच आली, गुडघ्यांवर धूळ, हाताला बर्फाचा गारठा. सही करताना तिची बोटं वळत नव्हती. ऑपरेशन झालं. पीळ सोडवला, थोडा भाग कापून काढला, जोडलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "झालं नीट. आता आतडी जागी व्हायची वाट बघायची."

आतडी झोपतात हे मला काय माहीत! डॉक्टरांनी समजावलं. पोट उघडून हात लावला की आतडी रुसल्यासारखी गप्प बसतात. ती चालायला लागली की वारा सरतो. वारा सरेपर्यंत माणसाला पाण्याचा घोटही नाही. "आतडं म्हणजे एक लांब नळीच असते," डॉक्टर म्हणाले, "नळी चालू झाली पाहिजे." ते आपले सोपं करून सांगायला गेले. नळी हा शब्द ऐकून वहिनीने मान वर केली ते मी बघितलं होतं, पण मला काय कळणार?

त्यानंतर सिस्टर आली आणि वहिनीच्या हातात चुइंगमची पुडी ठेवली. साखर नसलेलं, पुदिन्याच्या वासाचं. "दिवसातून तीनदा द्यायचं. चघळायचं आणि थुंकायचं. तोंड हललं की पोटाला वाटतं जेवण येतंय, मग ते कामाला लागतं. पुष्कळ पेशंटना फायदा होतो. करा सुरू." आणि गेली पुढच्या खाटेकडे. वॉर्डभर तिची धावपळ चाललेली, थांबून तरी किती सांगणार?

वहिनी पुडीकडे बघत राहिली. खाटेवर दादा, भुलीच्या गुंगीत, ओठ कोरडे, नाकात नळी. अर्धवट शुद्धीत बडबडत होता. त्याला धड थुंकताही येत नव्हतं. मला म्हणाली, "तू घरी जाऊन अंघोळ करून ये. मी आहे." मी गेले. तेवढ्यात तिने काय केलं ते मला नंतर कळलं.

दादाची अवस्था सुधारेना. दुसऱ्या दिवशी पोट जास्तच फुगलं. टाके ताणलेले दिसायचे, पांघरूण पोटावर तंबूसारखं उभं राहायचं. नाकातल्या नळीतून हिरवं पाणी यायचं. डॉक्टर नळ्या लावलेल्या कानांनी पोट ऐकायचे आणि केसपेपरवर काहीतरी लिहून पुढे जायचे. सिस्टर विचारायची, "चघळताय ना?" दादा मान हलवायचा, आणि तिच्यासमोर दोन-चारदा जबडा हलवून दाखवायचा. मी त्याचे तळवे चोळत बसायची. "दादा, वारा सरला का रे?" "नाही गं." पुन्हा थोड्या वेळाने, "सरला का?" "नाही." माणूस देवाकडे काय काय मागतो. कुणी नोकरी मागतं, कुणी लेकरू. मी डोळे मिटून, हात जोडून, माझ्या भावासाठी एक पाद मागत होते. लाज कसली आलीय त्यात? शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना झोपेत सुटला तर मला त्यांचा हेवा वाटला.

मग डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाजूला घेतलं. म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत वाट बघू. नाही झालं तर पुन्हा उघडावं लागेल. पण यांचं हृदय आधीच कमजोर आहे. दुसरी भूल झेपेल याची खात्री मी देऊ शकत नाही." मी भिंतीला टेकले. वहिनी उभीच होती, तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. मला तेव्हा तिचा एवढा संताप आला! मनात म्हटलं, बाई आहेस का दगड? माझा भाऊ मरायला टेकलाय!

डॉक्टर परत दादाजवळ गेले. "तोंड हलवताय ना सारखं?" दादाने नेहमीसारखा जबडा हलवला. डॉक्टर निघाले होते, पण थांबले. म्हणाले, "आ करा." दादाने तोंड मिटलं. "अहो, आ करा." दादाने हळूच तोंड उघडलं. आत काही नव्हतं. जीभ होती, सुकलेली, पांढरी.

"चुइंगम कुठाय? गिळलंत?"

दादाने वहिनीकडे बघितलं. एखादा चोर आपल्या साथीदाराकडे बघतो, तसं. आणि वहिनीने पिशवीत हात घातला आणि पुडी काढून डॉक्टरांपुढे धरली. अख्खी. एक तुकडा कमी नव्हता.

माझ्या तोंडून किंचाळी निघाली. सिस्टर धावत आली. डॉक्टरांचा आवाज सगळ्या वॉर्डला ऐकू गेला. "तुम्हाला माणूस जगवायचाय की नाही?"

वहिनी बोलायला लागली. मी तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बेसिन, पाईप, मुठीएवढा गोळा, हातोडी. "ते शुद्धीत नव्हते, डॉक्टर. त्यांनी गिळलं असतं. तुम्हीच म्हणालात नळी आहे. तुम्ही नुकतीच जोडलीय. जोडलेल्या जागी ते चिकटलं असतं तर? मी आयुष्यभर तेच काढतेय. ते कुठेही चिकटतं. ते दगड होतं. म्हणून मी यांना सांगितलं, सिस्टर आल्या की नुसतं तोंड हलवा."

डॉक्टरांनी पुडी घेऊन सिस्टरच्या हातात दिली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोट म्हणजे पाईप नाही, बाई. ते सतत ढकलत असतं. चुकून एखादं गिळलं तरी ते खालून निघून जातं. लहान पोरं मुठी भरभरून गिळायला लागली तर गोष्ट वेगळी. कळलं?" वहिनीने मान हलवली. "मग द्या आत्ता. आणि माझ्यासमोर द्या."

सिस्टरने पुडी फाडून तुकडा दादाच्या ओठांशी नेला. दादाने ओठ घट्ट आवळले.

"अरे, घे ना!" मी ओरडले.

त्याने मान फिरवली. त्याची दातखीळ बसल्यासारखी झाली होती. सिस्टरने समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, मी पाया पडले, शिव्या दिल्या, लहानपणी मला ढकललं होतंस ते सगळं माफ म्हटलं. दादाचे डोळे फक्त वहिनीवर. शेवटी तो पुटपुटला, "हीच म्हणाली ना. चिकटतं. आत दगड होतो." आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मला भीती वाटतेय. मला नको."

"अहो, डॉक्टर सांगतायत ना," वहिनी म्हणाली.

"डॉक्टरांना चिंगमातलं काय कळतं?"

हे ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्यांना दुसरीकडे बोलावणं आलं होतं. सिस्टरला "करा काहीतरी" म्हणून ते गेले. आम्ही तिघी त्या खाटेभोवती उभ्या. एवढासा तो पांढरा तुकडा, आणि तो त्याच्या तोंडात घालायला जगात कुणी नाही. ज्या बाईचं त्याने आयुष्यभर ऐकलं तिनेच त्याच्या मनात भीती घातली होती, आणि आता ती भीती तिलाच काढता येत नव्हती. मी वहिनीकडे बघितलं. मला वाटलं होतं मी तिला मारेन. पण तिचा चेहरा बघून माझा हातच उठला नाही.

ती बाहेर गेली. नळावर तोंड धुतल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा केस नीट केले होते. दादाच्या समोर स्टुलावर बसली. सिस्टरच्या हातातून पुडी घेतली, दोन तुकडे काढले आणि स्वतःच्या तोंडात टाकले.

या बाईने जन्मात चिंगम तोंडात घातलं नव्हतं. तिला चघळताही येत नव्हतं. ती भाकरीचा तुकडा चावावा तसं चावत होती, गाल फुगवून, भुवया आवळून. पहिल्या घोटाला तिला ओकारी आली. तिने ती दाबली. दादा टक लावून बघत होता. ती चावत राहिली. मग तिने डोळे मिटले, मान थोडी मागे केली, आणि गिळलं. गळ्याखालून ते उतरताना आम्हाला दिसलं. तिने तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली, वर केली, डावीकडे-उजवीकडे फिरवली. काही नव्हतं.

"गेलं," ती म्हणाली. "बघा. काही होत नाही. मी चुकीचं सांगितलं होतं तुम्हाला. आता आ करा."

दादाने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि आ केला.

तो चघळायला लागला. आधी हळू, मग नीट. ती त्याच्यासमोर तसाच रिकामा जबडा हलवत बसली, त्याच्या बरोबरीने, जसं आई लेकराला भरवताना स्वतःचंच तोंड उघडते. सुकलेल्या तोंडात लाळ आली, त्याने ओठ चाटले. "पुदिन्याचं आहे गं," म्हणाला. "बरं लागतंय." वहिनी म्हणाली, "थुंका आता," आणि तळहात पुढे केला.

दिवसभर तिने तेच केलं. मी मोजलं नाही किती वेळा. प्रत्येक वेळी त्याला द्यायचं, समोर बसायचं, हातात घ्यायचं. दुपार कलली तरी वारा सरला नव्हता. सिस्टरने त्याला कुशीवर वळवायचं म्हणून आम्हाला बाहेर काढलं. आम्ही त्या लोखंडी बाकावर बसलो. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. उद्या सकाळ, उद्या सकाळ, एवढंच डोक्यात. आणि वहिनी बोलायला लागली.

"ही घराची किल्ली ठेव तुझ्याकडे."

"माझ्याकडे कशाला?"

"राहू दे. त्यांच्या गोळ्या वरच्या फळीवर, डब्याच्या मागे आहेत. सकाळची पांढरी उपाशीपोटी. ते विसरतात, विचारावं लागतं. आणि ते कॉलर आधी आतून इस्त्री करतात, त्यांना वेळ लागतो, घाई करू नकोस, चिडतात."

"अगं, मला कशाला सांगतेस हे?"

"आणि त्यांना एकटं जेवायला बसवू नकोस. एकटे असले की अर्धं टाकून उठतात. त्यांना जेवताना बोलायला कुणीतरी लागतं. तू नुसतं हूं केलंस तरी चालतं."

मला वाटलं, हिचं डोकं फिरलंय काळजीने. मी खेकसले तिच्यावर, खोटं कशाला बोलू. "तू आहेस ना हूं करायला! त्याला आधी जगू दे, मग जेवणाचं बघू!" तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता, पण तो नेहमीच गार असतो.

इतक्यात आतून कुणीतरी टाळी वाजवली. सिस्टर दारात आली, चेहराभर हसत. "या, या, आत या! सुटला!"

"काय?"

"वारा सुटला हो! कूस बदलली आणि सुटला! आजोबासुद्धा दचकून जागे झाले!"

मी सिस्टरला मिठी मारली. आत धावले. दादा लाजून लाल झाला होता, आणि तरी असा ऐटीत पडला होता जसं मैदान मारून आलाय. पुन्हा एकदा सुटला. शेजारचे आजोबा म्हणाले, "शाब्बास!" डॉक्टर आले, पोटाला कान लावला, बराच वेळ ऐकलं, आणि पहिल्यांदा हसले. "चालू झालं. उद्याचं ऑपरेशन रद्द. सावकाश पाणी सुरू करू." मी रडत होते, हसत होते, दादाचे केस विस्कटत होते. मग माझ्या लक्षात आलं, वहिनी आत आलीच नाही.

ती बाकावरच होती. ताठ बसलेली, दोन्ही तळवे पोटावर. डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"अगं, सुटला! वाचला तो! ऐकलंस का?"

"ऐकलं."

"मग चल ना आत!"

"येते." पण ती हलली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन गिळलीत मी. किती वेळ लागत असेल गं बंद व्हायला?"

मला आधी कळेचना. मग हातातल्या किल्लीकडे लक्ष गेलं.

"अगं बाई! डॉक्टरांनी सांगितलं ना, निघून जातं म्हणून! तू मान हलवलीस!"

"ते रागावले होते म्हणून हलवली. तो गोळा मी बघितलाय. त्यांनी कुठे बघितलाय?"

"मग गिळलंस कशाला, वेडे?"

तिने माझ्याकडे बघितलं, जणू मीच वेडी.

"नाहीतर त्यांनी तोंड उघडलं असतं का?"

आतून दादा हाक मारत होता, "अगं, कुठे गेलीस? ये ना!" वहिनीने डोळे पुसले. "यांना यातलं काही सांगू नकोस," म्हणाली, आणि पोटावरचा हात काढून आत गेली.